पितळेच्या जिल्ह्यात लॅपटॉपची पारख

भंडारा शहराची ओळख पितळेच्या भांड्यांनी झाली, आणि भांडे घेताना ते हातात तोलून पाहण्याची, पत्र्याची जाडी व सांध्याचा पक्केपणा तपासण्याची, पुढेमागे ते दुरुस्त होईल का आणि मोडीत त्याचे काय येईल याचा अंदाज घेण्याची सवय येथील जुन्या पिढीच्या अंगवळणी पडलेली आहे. अभियांत्रिकीला प्रवेश मिळालेल्या मुलासाठी किंवा मुलीसाठी लॅपटॉप घेताना मात्र हीच पारख बाजूला पडते, आणि प्रोसेसरचे नाव, पडद्याची चमक व सणासुदीची सवलत एवढ्यावर निवड होते. धानाच्या चुकाऱ्यातून चाळीस-पन्नास हजार रुपये बाजूला काढणाऱ्या कुटुंबाला ही वस्तू आठही सत्रे चालणे आवश्यक असते. दुसऱ्या वर्षी नवी घेण्याची सोय त्याच्याकडे नसते. म्हणून अशा घरासाठी वेगापेक्षा टिकाऊपणा महत्त्वाचा ठरतो, आणि टिकाऊपणा म्हणजे न मोडणे जितके, तितकेच मोडल्यावर जवळपास व परवडेल अशा खर्चात दुरुस्त होणे.

स्वस्त लॅपटॉपमध्ये सर्वांत आधी दगा देणारा भाग बहुधा बिजागरीचा असतो, आणि त्यामागचे कारण भंडाऱ्याच्या वाचकाला परके वाटणार नाही. बिजागरीचे स्क्रू थेट प्लास्टिकमध्ये बसवलेले नसतात. प्लास्टिकच्या पोकळ खुंट्यांत पितळेच्या बारीक नळ्या, म्हणजे आतून आटे व बाहेरून खरबरीत दाते असलेले नट, गरम करून दाबलेले असतात आणि स्क्रू त्यांत फिरतो. झाकण रोज एकाच कोपऱ्याला धरून उघडले की सगळा पीळ एका बिजागरीवर येतो, बिजागरी घट्ट असेल तर तो पीळ प्लास्टिकच्या खुंटीकडे सरकतो, खुंटीला तडा जातो आणि पितळेचा नट मुळासकट उपटून बाहेर येतो. पितळ शाबूत राहते, त्याला धरणारे प्लास्टिक फुटते. पडद्याकडे जाणारी वायरही बिजागरीजवळूनच जात असल्याने पुढे पडदा लुकलुकू लागतो, आणि अनेकदा संपूर्ण खालचे कवच बदलावे लागते. त्यामुळे दुकानात मांडलेला नमुना हाताळल्याशिवाय निर्णय घेऊ नये. झाकण मधोमध धरून सावकाश उघडावे, कोपऱ्यावर हलका जोर दिल्यास कुरकुर ऐकू येते का पाहावे, आणि कीबोर्डच्या मध्यभागी अंगठ्याने दाबल्यावर पृष्ठभाग किती लवतो हेही पाहावे. वरठीच्या भंडारा रोड स्थानकावरून किंवा तुमसरहून नागपूरला रोज ये-जा करणाऱ्या विद्यार्थ्याच्या दप्तरात, गर्दीच्या डब्यात, या सांध्याचीच परीक्षा होते.

दुसरा शत्रू उन्हाळा. मे महिन्यात जिल्ह्याचा पारा ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास जातो, आणि लॅपटॉपचा पंखा आतली उष्णता बाहेर टाकण्यासाठी याच तापलेल्या हवेवर अवलंबून असतो. प्रोसेसर मर्यादेपलीकडे तापला की तो स्वतःचा वेग आपोआप कमी करतो. म्हणजे कागदावर वेगवान असलेले पातळ यंत्र दुपारी तीन वाजता त्याहून साध्या पण हवेशीर यंत्राच्या मागे पडू शकते. साधारण १५ वॅट विजेवर चालण्यासाठी बनलेला प्रोसेसर ४५ वॅटच्या प्रोसेसरपेक्षा कमी तापतो आणि बहुतेक अभ्यासक्रमाला पुरतो. हवा आत घेणारी छिद्रे सहसा तळाशी असल्याने गादीवर ठेवलेला लॅपटॉप गुदमरतो. आणि विदर्भातल्या घरोघरच्या कूलरच्या थेट झोतात ठेवलेल्या यंत्राला ओलसर हवा व पाण्याचे तुषार सोसावे लागतात, म्हणून कूलर खोलीत असावा पण त्याचे तोंड टेबलाकडे नसावे. लिथियम-आयन बॅटरीला उष्णता आणि सतत पूर्ण भरलेली अवस्था ही जोडी सर्वाधिक मारक असते. अनेक कंपन्यांच्या सेटिंगमध्ये चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवण्याची सोय असते, ती दिवसभर प्लगला लावून बसणाऱ्याने पहिल्याच दिवशी चालू करावी.

जाहिरातींत ‘लष्करी दर्जा’ असा शब्द वारंवार दिसतो. त्याचा आधार असलेले मिल-एसटीडी-८१० हे अमेरिकी संरक्षण खात्याचे चाचणी-मानक १९६२ साली प्रथम प्रसिद्ध झाले आणि त्याची ‘एच’ ही आवृत्ती २०१९ ची आहे. त्यात पडणे, कंपन, धूळ, आर्द्रता, तापमान अशा अनेक चाचण्यांच्या पद्धती आहेत, परंतु त्यांपैकी कोणत्या घ्यायच्या हे उत्पादक ठरवतो आणि लॅपटॉपला हा दर्जा देणारी कोणतीही सरकारी यंत्रणा नाही. तेव्हा नेमक्या कोणत्या चाचण्या झाल्या हे लिहिलेले नसेल, तर या शब्दासाठी जास्तीचे पैसे मोजणे योग्य नाही.

क्षमतेचा प्रश्न त्या मानाने सोपा आहे. संगणक, विद्युत व इलेक्ट्रॉनिक्स शाखेच्या बहुतांश कामाला वेगळे ग्राफिक्स कार्ड लागत नाही. यंत्र किंवा स्थापत्य शाखेत ऑटोकॅडची साधी रेखाटनेही त्याशिवाय होतात, मात्र सॉलिडवर्क्समध्ये मोठी त्रिमिती जुळणी करायची असल्यास त्याचा उपयोग होतो. रॅम, म्हणजे चालू काम तात्पुरते धरून ठेवणारी स्मृती, १६ जीबी असावी; आज ८ जीबीच परवडत असेल तर ती मदरबोर्डला कायमची जोडलेली नसून मोकळा स्लॉट आहे याची खात्री करावी, कारण तो एक स्लॉट यंत्राचे आयुष्य दोन वर्षांनी वाढवू शकतो. साठवणुकीसाठी फिरती तबकडी नसलेली एसएसडीच घ्यावी. धक्क्यांत ती अधिक सुरक्षित राहते.

पंचवीस हजारांच्या आतच भागवायचे असेल, तर कार्यालयांतून निवृत्त झालेले थिंकपॅड, लॅटिट्यूड वा एलिटबुक यांसारखे व्यावसायिक वर्गातले जुने लॅपटॉप हा तडजोडीचा नव्हे, विचारपूर्वक निवडण्याचा पर्याय आहे. त्यांची अंगबांधणी स्वस्त नव्या यंत्रांपेक्षा सहसा दणकट असते आणि उघडून दुरुस्त करण्याच्या पुस्तिका कंपन्यांनी खुल्या ठेवलेल्या असतात. मात्र विंडोज १० ची मोफत सर्वसाधारण सेवा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली आणि विंडोज ११ ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा प्रोसेसर लागतो, म्हणून त्याआधीचे यंत्र कितीही स्वस्त असले तरी टाळावे. जुन्या यंत्राची बॅटरी थकलेलीच धरून तिचा खर्च आधीच हिशेबात घ्यावा.

हमीच्या बाबतीत एकच शब्द नीट वाचावा लागतो: ‘ऑनसाइट’. याचा अर्थ तंत्रज्ञ घरी येतो. अन्यथा यंत्र सेवा केंद्रात न्यावे लागते, आणि ते केंद्र नागपुरात असेल तर साकोली किंवा लाखांदूरच्या विद्यार्थ्याचा प्रत्येक फेरीला एक दिवस जातो. बिलावर जीएसटीसोबत यंत्राचा अनुक्रमांकही असावा. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार ग्राहक स्वतः राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करू शकतो, त्यामुळे नागपूरच्या दुकानातून किंवा ऑनलाइन घेतलेल्या यंत्राची तक्रार भंडाऱ्यातही दाखल होते, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला त्यासाठी शुल्क नाही. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनीवरही आधी दाद मागता येते. शैक्षणिक कर्ज घेणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावे की भारतीय बँक संघाच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत अभ्यासासाठी आवश्यक असलेल्या संगणकाची खरेदी धरलेली आहे. ती रक्कम अर्जातच मागितली पाहिजे.

यंत्र घरी आल्यावर त्याचा तीन पिनांचा प्लग तीन पिनांच्याच, अर्थिंग असलेल्या सॉकेटमध्ये लावावा. दोन पिनांचे कन्व्हर्टर वापरले की धातूच्या कवचाला हात लावताच बोटांना हलक्या झिणझिण्या जाणवतात. ती अडॅप्टरमधून गळणारी किंचित वीज असते आणि तिला जमिनीकडे जायला वाट न मिळाल्याची ती खूण असते. पितळी भांड्याला ठरावीक काळाने कल्हई लागते, तसेच दर दोन उन्हाळ्यांनंतर लॅपटॉप उघडून पंख्यात साचलेली धूळ काढणे आणि प्रोसेसरवरचे वाळलेले उष्णतावाहक लेपण बदलणे गरजेचे असते. हे काम तालुक्याच्या ठिकाणचा अनुभवी कारागीरही करू शकतो, फक्त तळाचे झाकण चिकटवलेले नसून स्क्रूंनी बसवलेले आहे हे विकत घेतानाच पाहिलेले असावे.