धक्क्यावरचं पाकट

मेलबर्नलगतच्या पोर्ट फिलिप उपसागरावर गस्त घालणाऱ्या एका मत्स्य-अधिकारी बाईंचा उन्हाळी रविवार साधारण असा जातो.

पहाटे ५.३० : मोजपट्टी, लांब चोचीची पक्कड, नियमांच्या पुस्तिका गाडीत.

सकाळी ७ : होड्या उतरवायच्या उतारावर परवाने पाहणं. हौशी मासेमारीलाही १८ ते ७० वयोगटात परवाना लागतो.

सकाळी १० : परतलेल्या होडीत एक पाकट. माणशी दिवसाला एकच, तेही रुंदीला १.५ मीटरच्या आत. पट्टी एका पंखाच्या टोकापासून दुसऱ्यापर्यंत लावायची. शेपटी मोजायची नाही. इथलं गुळगुळीत पाकट २ मीटरहून रुंद आणि ३५० किलोपर्यंत वाढतं. फार मोठी असतात त्या बहुधा माद्या. विणीच्या माद्या वाचाव्यात म्हणून ही मर्यादा.

दुपारी १२ : धक्का. मुलाकडे मालवणहून आलेल्या आजोबांच्या गळाला पाकट लागलंय. ते सुरी मागतात. ‘काटा मारील, शेपटी छाटतो नि मग सोडतो.’ मुलगा दुभाष्या होतो. बाई मान हलवतात. धक्का, जेटी, लाटारोधक बांध यांच्यापासून ४०० मीटरच्या आत कुठलंही पाकट ठेवता येत नाही; लागलंच तर कमीत कमी इजा करून लगेच सोडायचं. कापायचं ते तंगूस, गळाच्या जितकं जवळ जमेल तितकं. शेपटीला धरून वर ओढायचं नाही, डोळ्यांमागच्या भोकांत बोटं घालायची नाहीत.

दुपारी ३ : त्याच धक्क्यावर एका पोराच्या बादलीत ‘बांजो शार्क’. शार्कचे नियम वेगळे, म्हणून त्यानं ठेवलाय. बाई तो उलटा करतात: कल्ल्यांच्या फटी पोटाकडे. शार्कला त्या बाजूला असतात. म्हणजे हे पाकटाच्याच कुळातलं, शेपटीवर दोन पर असलेलं, विषारी काटा नसलेलं. लगेच पाण्यात.

संध्याकाळी ७ : मासे साफ करायच्या कट्ट्याखाली टाकलेल्या आतड्यांवर मोठी पाकटं जमतात. तिथंच गळ टाकू पाहणाऱ्यांना बाई पुस्तिका देतात.

रात्री ९ : निघताना तोच पोरगा विचारतो, सगळ्या जाती ओळखायच्या कशा? बाई सांगतात, हळूहळू येतील. तोवर एवढं पुरे: पोटाकडे कल्ले दिसले आणि पायाखाली धक्का असला, तर जात कुठलीही असो, सोडून द्यायचं.