आवडते गीत आणि त्याची आठवण

म्हैसूर शहरात १९३५ च्या सप्टेंबरात एक लहानसे नभोवाणी केंद्र सुरू झाले. ते सरकारने काढले नव्हते आणि कोणा व्यापारी कंपनीनेही नव्हे. महाराजा कॉलेजातील मानसशास्त्राचे प्राध्यापक डॉ. एम. व्ही. गोपालस्वामी यांनी आपल्या ‘विठ्ठल विहार’ या राहत्या घरातून, अवघ्या ३० वॅट शक्तीच्या प्रक्षेपकावर ते चालविले. त्याला नाव मिळाले ‘आकाशवाणी’. १९५७ पासून साऱ्या देशाच्या नभोवाणीने हेच नाव धारण केले, हे पुष्कळांना ठाऊक असते. परंतु ते एका मानसशास्त्रज्ञाच्या घरातून आले, इकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. माणसाच्या मनाचा अभ्यास करणाऱ्याच्या घरातून गाणे आकाशात जावे, हे एका परीने उचितच झाले. गाणे गायकाच्या कंठातून एकदा सुटले, की त्याचे पुढचे आयुष्य ऐकणाऱ्याच्या मनातच जात असते.

आवडते गीत कानी पडताच मन प्रसन्न किंवा उदास होते, आणि पाठोपाठ एखादे घर, एखादा चेहरा, आषाढातली एखादी संध्याकाळ डोळ्यांपुढे उभी राहते. या दोन्ही गोष्टी एकाच क्षणी घडतात, म्हणून त्या एकच आहेत असा समज होतो. वस्तुतः त्या निराळ्या आहेत. भाव हा बऱ्याच अंशी गीताच्या अंगी असतो. आठवण मात्र सर्वस्वी ऐकणाऱ्याची असते.

भाव गीताच्या अंगी असतो, याला प्रमाण काय? ज्या वर्षी म्हैसूरची आकाशवाणी निघाली, त्याच १९३५ साली केट हेव्हनर या अमेरिकन विदुषीने एक प्रयोग प्रसिद्ध केला. पाश्चात्त्य संगीतातील ‘मेजर’ आणि ‘मायनर’ या दोन स्वरसप्तकांत ठळक भेद आहे तो गंधाराचा. एकात तो शुद्ध, तर दुसऱ्यात कोमल. हेव्हनरबाईंनी एकेक रचना या दोन्ही रूपांत श्रोत्यांना ऐकविली आणि तिला साजेशी विशेषणे निवडावयास सांगितली. शुद्ध गंधाराच्या रूपाला श्रोत्यांनी आनंदी म्हटले आणि कोमल गंधाराच्या रूपाला खिन्न. पुढे १९३७ साली त्यांनी लय व स्वरांची उंची यांचाही असाच विचार केला, तेव्हा लयीचा प्रभाव फार मोठा असल्याचे दिसून आले. १९९९ साली कॅनडात बाल्कविल आणि टॉम्पसन या संशोधकांनी तर हिंदुस्थानी रागांचे तुकडे ३० पाश्चात्त्य श्रोत्यांपुढे ठेवले. या श्रोत्यांना रागसंगीताचा गंधही नव्हता. तरीही आनंद, दुःख आणि क्रोध त्यांना बव्हंशी ओळखता आले. अडले ते शांत रसापाशी. यात फारसे नवल वाटू नये. भरतमुनींनी मुळात आठच रस सांगितले होते. शांताला नववे स्थान मिळाले ते पुष्कळ नंतर, आणि तेही वादविवाद होऊन.

परंतु येथवर केवळ भावाचा विचार झाला. आठवणीचा कायदा वेगळा आहे. मिरजेस स्थायिक झालेले अब्दुल करीम खाँसाहेब म्हैसूरच्या दरबारात जात असत, आणि तिकडच्या कर्नाटक संगीताचा ठसा त्यांच्या गायकीवर उमटला हे सर्वश्रुत आहे. त्यागराजांची खरहरप्रिया रागातील एक कृती त्यांनी ध्वनिमुद्रितही केली. म्हैसूरच्या एखाद्या घरात हीच कृती ऐकणाऱ्याला सकाळची पूजा आणि आईचा आवाज आठवेल. मिरजेच्या वा पुण्याच्या रसिकाला आठवतील ते खाँसाहेबांचे सूर, आणि कर्णा लावलेल्या फोनोभोवती बसलेली मंडळी. कृती एकच असली, तरी दोन गावांत तिची दोन घरे झाली.

मराठी रंगभूमीवर तर असे पदोपदी घडत आले. १९११ साली ‘मानापमान’ रंगभूमीवर आले, तेव्हा गोविंदराव टेंबे यांनी त्यातील पुष्कळ पदांना पूरबी ढंगाच्या ठुमरी-दादऱ्यांच्या चाली दिल्या. ज्यांनी त्या चाली आधी बैठकीत ऐकल्या होत्या, त्यांच्या मनात त्या एका स्थळी बसल्या होत्या. ज्यांनी नाटकातच प्रथम ऐकल्या, त्यांच्या मनात त्या भामिनीच्याच होऊन राहिल्या. या नाटकाच्या पहिल्या प्रयोगाची हकीकत महाराष्ट्रात घरोघर सांगितली जाते. १२ मार्च १९११ रोजी, मुंबईत, बालगंधर्वांची तान्ही मुलगी वारली आणि त्याच दिवशी ते भामिनी होऊन उभे राहिले. प्रेक्षकांनी त्या पदांसह आयुष्यभर जपली ती एका रम्य रात्रीची आठवण. त्याच पदांनी गाणाऱ्याच्या मनात काय साठवले असेल, हे कोणत्या प्रयोगशाळेत मोजणार?

नभोवाणीने या व्यवहारात एक नवीच गोष्ट आणली. पूर्वी गाणे स्थळाला बांधलेले असे. ओवी जात्यापाशी, अभंग देवळात, लावणी फडात. नभोवाणीने ते वेळेला बांधले. पुणे केंद्रावरून १ एप्रिल १९५५ पासून दर आठवड्याला ‘गीतरामायण’ प्रसारित होऊ लागले आणि ५६ गीते होईतो, म्हणजे १९५६ च्या एप्रिलपर्यंत, चालले. ग. दि. माडगूळकरांचे शब्द आणि सुधीर फडके यांच्या चाली एकाच घटकेला हजारो घरांत पोहोचत होत्या. तरी त्या वर्षाची आठवण प्रत्येक घराची निराळी निघते. कोठे त्या वर्षी लग्न झाले, कोठे आजोबा गेले, कोठे पहिला रेडिओ आला. गीत ते सर्व मुकाट्याने सांभाळून ठेवते.

आठवणी गाण्याला अशा घट्ट का चिकटाव्यात? एक कारण असे की गाण्याचे रूप ठरलेले असते. ख्याल दर मैफलीत नवा होतो. म्हणून एखादा राग आवडला तरी त्याला एकच एक आठवण क्वचित बिलगते. तबकडीवरचे पद, आरती, किंवा कर्नाटक पद्धतीची कृती मात्र चाळीस वर्षांनीही जवळजवळ होती तशीच भेटते. दुसरे कारण वयाचे. दहा ते तीस या वयातल्या आठवणी उतारवयात विशेष दाटीने येतात, असे मानसशास्त्रज्ञांना वारंवार आढळले आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठातील पेत्र यानाटा यांनी २००९ साली तरुणांना त्यांच्या बालपणीच्या व कुमारवयातल्या गीतांचे तुकडे ऐकवून त्यांच्या मेंदूचे निरीक्षण केले. ज्या गीतांनी आत्मचरित्रातली एखादी आठवण जागविली, ती ऐकताना कपाळामागचा, मधल्या रेषेजवळचा भाग जागृत झालेला दिसला. स्मृतिभ्रंशाच्या रोगात हा भाग इतरांच्या मानाने उशिरा झिजतो. मुलांची नावे विसरलेली वृद्ध स्त्री जुने गाणे मात्र शेवटपर्यंत म्हणते, याचे मूळ येथे असावे, असा यानाटा यांचा तर्क आहे. अशा घरातील माणसांना या तर्काचे मोल निराळे सांगावयास नको.

मात्र एक धोका आहे. आवडले म्हणून तेच गीत रोज वाजविले, की त्यावर रोजची धूळ बसते. ज्या संध्याकाळीसाठी ते जपले होते, तिच्यावर शंभर सामान्य संध्याकाळी येऊन बसतात, आणि गीत गोड राहूनही मुके होते. मागेल तेव्हा गाणे मिळण्याच्या आजच्या दिवसांत हे नुकसान कोणाच्या ध्यानातही येत नाही.

आठवणीचा आधार नसतानाही गीत प्रिय होऊ शकते काय? याचे उत्तरही म्हैसूरच देते. जयचामराजेंद्र वडियार यांची तारुण्यातली हौस पियानोवादक होण्याची. १९४० साली वडील आणि चुलते काही महिन्यांच्या अंतराने निवर्तले, आणि एकविशीत त्यांच्यावर राज्याचा भार आला. पुढे त्यांनी कर्नाटक पद्धतीच्या ९४ कृती रचल्या. त्यात घरची, देवघराची परंपरा बोलते. परंतु निकोलाय मेट्नर या, लंडनमध्ये उपेक्षित पडलेल्या वृद्ध रशियन संगीतकारावर त्यांनी तितकेच प्रेम केले, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर त्याच्या रचनांच्या ध्वनिमुद्रणाचा खर्च उचलला. मेट्नरने आपला तिसरा पियानो कॉन्चेर्टो त्यांना अर्पण केला. म्हैसूरच्या राजपुत्राच्या बालपणात रशियाची कोणती आठवण असणार? तेथे केवळ भावानेच काम केले असले पाहिजे.

रिचर्ड स्ट्राउस या जर्मन संगीतकाराने वयाच्या ८४ व्या वर्षी रचलेली अखेरची चार गीते २२ मे १९५० रोजी लंडनमध्ये प्रथम गायिली गेली. त्यांचा रचनाकार आदल्या वर्षीच मरण पावला होता. ती गीते त्याने स्वतः ऐकलीच नाहीत. त्या कार्यक्रमासाठी पैशाची हमी दिली होती म्हैसूरच्या महाराजांनी. ध्वनिमुद्रण होऊन ते म्हैसूरला, आपल्या सुमारे वीस हजार तबकड्यांच्या संग्रहात यावे, एवढीच त्यांची अपेक्षा होती.