विश्लेषण : उपग्रहांच्या मदतीने ‘गुप्तधन’ शोधण्याचा जिओकॅशिंग हा खेळ काय आहे?

गुप्तधन म्हटले की विदर्भात आधी आठवतो मांत्रिक, मग खड्डा आणि शेवटी पोलीस. जिओकॅशिंगमध्ये यातले काहीच नाही. कुणीतरी डबा लपवतो, त्याचे अक्षांश-रेखांश अ‍ॅपवर टाकतो आणि बाकीचे मोबाइल घेऊन तो शोधतात.

सुरुवात कशी झाली?

जीपीएस अमेरिकी लष्कराचे. नागरिकांना मिळणाऱ्या संदेशात मुद्दाम चूक मिसळली जाई, त्यामुळे जागा १०० मीटरपर्यंत चुके. मे २००० च्या सुरुवातीला ती चूक काढली गेली. ३ मे रोजी डेव्ह उल्मर यांनी ओरेगॉन राज्यात एक बादली लपवून तिचा ठावठिकाणा इंटरनेटवर जाहीर केला. आत पुस्तके, वही-पेन्सिल आणि चक्क शेंगांचा एक डबाही होता! आज जगभरात असे ३० लाखांहून अधिक डबे आहेत.

नियम काय?

सापडलेल्या डब्यातील वहीत नाव-तारीख लिहायची. वस्तू उचलली तर तितक्याच किमतीची दुसरी ठेवायची. डबा पुन्हा होता तिथेच. खाद्यपदार्थ ठेवायचे नाहीत. जनावरे डबा फोडतात. दोन डब्यांत किमान १६१ मीटर अंतर हवे. डबा जमिनीत पुरायचा नाही, हे महत्त्वाचे.

वडनेरमध्ये जमेल का?

हिंगणघाट तालुक्यातील हे गाव नागपूर-हैदराबाद महामार्गावर आहे. रेंज नसली तरी जीपीएस चालते, फक्त नकाशा आधी डाउनलोड करावा. मोकळ्या शिवारात मोबाइल साधारण पाच मीटरपर्यंत जागा दाखवतो; पुढचे काम डोळ्यांचे. अडचण वेगळीच आहे. कपाशीच्या धुऱ्यावर डबा ठेवायचा तर शेतमालकाची परवानगी हवी. पावसाळ्यात दगडाखाली हात घालण्यापूर्वी काठीने चाचपावे, साप असू शकतो. बोर व्याघ्र प्रकल्पात तर विनापरवाना पायी फिरताच येत नाही.

आणि खरेच धन सापडले तर? १८७८ च्या कायद्यानुसार जमिनीत दडलेला १० रुपयांहून अधिक किमतीचा ऐवज सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. गुप्तधनासाठी अघोरी कृत्ये करणे २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे.

म्हणूनच डब्यावर हा खेळ असल्याचे मराठीत ठळक लिहावे. महामार्गाच्या पुलाखाली बेवारस डबा दिसला, तर लोक अ‍ॅप उघडणार नाहीत, ११२ वर फोन करतील.