ज्या रायफलची पुंगळी, तिलाच

माझ्या लहानपणी आमच्या चाळीत लग्नकार्य निघालं की घरोघरची भांडी एका ठिकाणी गोळा होत. पितळी पातेली, पराती, तांबे, वाट्या. कार्य उरकलं की ज्याचं त्याला परत जायचं. अदलाबदल होऊ नये म्हणून प्रत्येक भांड्यावर नाव घातलेलं असे. आज मी अशाच काही पितळी वस्तूंबद्दल बोलणार आहे. फरक एवढाच, की इथं अदलाबदल झाली तर नुसता वाद होत नाही, माणसाचा डोळा जाऊ शकतो.

मी वाढलो खडकीत. वडील तिथल्या दारूगोळा कारखान्यात लेथवर काम करत. हा कारखाना १८६९ सालचा. पुढे नोकरीनिमित्त मी अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यात गेलो आणि तिथंच बरीच वर्षं राहिलो. त्या भागात हरणाच्या शिकारीचा हंगाम म्हणजे जणू सणच. मी शिकारी झालो नाही, पण शेजारच्या एका वृद्ध गृहस्थांमुळे निशाणीवर नेम धरण्याचा छंद लागला. त्यांच्याच तळघरात मी काडतूस पुन्हा भरण्याची विद्या पाहिली.

काडतुसाचे चार भाग असतात. पुढे गोळी, आत दारू, मागे ठिणगी पाडणारा प्रायमर, आणि या सगळ्यांना धरून ठेवणारी पितळी पुंगळी. बार उडाला की पहिले तीन संपतात. पुंगळी मात्र उरते. चार भागांत बहुधा सर्वांत महाग तीच, म्हणून छंदी लोक ती जपून ठेवतात, साफ करतात आणि पुन्हा भरतात. एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय काडतूस तयार करता येत नाही. तेव्हा हे ऐकून कुणी घरी प्रयोग करू नयेत. मला सांगायची आहे ती त्यामागची शिस्त.

पुंगळीचं पितळ साधारण सत्तर टक्के तांबं आणि तीस टक्के जस्त यांचं असतं. हेच मिश्रण का? कारण ते ताणलं जातं, पण लगेच फाटत नाही. बार होतो तेव्हा आतल्या दाबानं पुंगळी फुगते आणि रायफलच्या चेंबरच्या भिंतीला घट्ट चिकटते. त्यामुळे तापलेला वायू मागे नेमबाजाच्या तोंडाकडे येत नाही. दाब ओसरला की पितळ किंचित आकसतं आणि पुंगळी बाहेर काढता येते. पण ती पूर्ववत होत नाही. ज्या चेंबरमध्ये ती फुगली, त्या चेंबरचं माप ती अंगावर घेऊन येते. शिंप्यानं अंगावर बेतलेल्या सदऱ्यासारखीच ती असते म्हणा ना!

आता तुम्ही म्हणाल, एकाच जातीच्या दोन रायफली असतील तर चेंबरही एकाच मापाचे असणार. तिथंच तर गंमत आहे. अमेरिकेत १९२६ साली स्थापन झालेली ‘सामी’ नावाची उत्पादकांची संस्था ही मापं ठरवते. पॉइंट ३०८ विंचेस्टर या प्रचलित काडतुसासाठी चेंबरची खांद्यापर्यंतची लांबी १.६३० ते १.६४० इंच इतकी चालते. म्हणजे दोन निर्दोष रायफलींतही पाव मिलिमीटरचा फरक असू शकतो. पाव मिलिमीटर म्हणजे तीन-चार केसांची जाडी. पण पितळाच्या दृष्टीनं हे अंतर फार मोठं आहे.

हे मी पुस्तकात वाचून शिकलो नाही, चुकून शिकलो. माझ्याकडे पॉइंट ३०८ च्या दोन रायफली होत्या. एक नवी, आखूड चेंबरची. दुसरी जुन्या बाजारातून घेतलेली, सैल चेंबरची. दोन्हींच्या पुंगळ्या मी एकाच डब्यात टाकत असे. पुंगळी पुन्हा भरताना ती एका पोलादी साच्यात दाबून मापात आणावी लागते. नुसती मान दाबली तर जुनीतली पुंगळी नवीत जाईना, बोल्टच बंद होईना. मग मी शक्कल लढवली. साच्यात सगळ्याच पुंगळ्या पूर्ण दाबून आखूड चेंबरच्या मापाला आणल्या. आता त्या दोन्हींत बसू लागल्या. मी खूश!

पण सैल चेंबरमध्ये काय होत होतं ते पाहा. टाचणीचा ठोका बसला की पुंगळी पुढे सरकते. दाब वाढला की तिच्या पुढच्या पातळ भिंती चेंबरला चिकटून बसतात, आणि जाड बूड मात्र मागे बोल्टपर्यंत ढकललं जातं. या ओढाताणीत बुडाच्या जरा वरचं पितळ ताणलं जातं आणि पातळ होतं. मी ती पुन्हा दाबून आखूड करायचो आणि पुढच्या बाराला ती पुन्हा ताणली जायची. तार एकाच जागी वाकवत राहिलं की तुटते, तसाच हा प्रकार. एका रविवारी बार उडाला आणि तोंडावर गरम वाफेचा फटका बसला. चष्म्यावर काजळी आली होती. बोल्ट उघडला तर हातात नुसतं बूड आलं. पुंगळीचा पुढचा भाग चेंबरमध्येच अडकला होता. संरक्षक चष्मा नसता तर आज मी हे कागद वाचून दाखवू शकलो असतो की नाही, कोण जाणे.

शेजाऱ्यांनी माझा डबा टेबलावर ओतला. बऱ्याच पुंगळ्यांच्या बुडाच्या वर एक चकचकीत कडं दिसत होतं. त्यांनी एका बारीक तारेचं टोक वाकवलं, ते पुंगळीत घातलं आणि आतल्या भिंतीवरून ओढलं. कड्याच्या जागी तार अडकली. तिथं आतून खाच पडली होती. ते म्हणाले, “यातल्या कोणत्या कोणत्या रायफलच्या, आणि किती वेळा भरलेल्या, सांगता येईल?” मला सांगता येईना. त्यांनी सगळा डबा भंगारात टाकायला लावला.

त्यानंतर मी त्यांची पद्धत उचलली. पहिला नियम, पन्नास पुंगळ्यांचा एक गट करायचा आणि तो कधी फोडायचा नाही. एका रायफलला एक गट, त्याला स्वतःचा डबा. डब्यात एक चिठ्ठी. तिच्यावर रायफलचं नाव, कितव्यांदा भरल्या आणि तोंड कधी कापून बरोबर केलं याची नोंद. पितळ ताणलं की पुंगळी लांबते. पॉइंट ३०८ ची पुंगळी २.०१५ इंचांच्या पुढे जाता कामा नये, म्हणून हे कापणं. दुसरा नियम, प्रत्येक रायफलला एक रंग ठरवून बुडावर मार्करची रेघ ओढायची. तिसरा, मैदानावर एका रायफलच्या पुंगळ्या मोजून डब्यात गेल्याशिवाय दुसरी रायफल बाहेर काढायची नाही. घरी टेबलावरही एका वेळी एकच डबा. आणि चौथा, कॅलिपरला जोडायचं एक छोटं साधन मिळतं, त्यानं खांद्याचं माप घ्यायचं आणि साचा त्या त्या रायफलसाठी असा लावायचा, की खांदा फार तर इंचाचा दोन हजारांश भाग मागे जाईल. पुंगळी सहज बसते आणि तिला ताणही कमी पडतो.

बुडावरची अक्षरं वाचणं हेही त्यातच आलं. पॉइंट ३०८, पॉइंट ३०-०६ आणि पॉइंट २७० या तिन्ही काडतुसांच्या बुडाचा व्यास सारखाच, सुमारे बारा मिलिमीटर. मागून पाहिलं तर फरक फक्त अक्षरांत. शिवाय लष्करी पुंगळ्यांच्या भिंती पुष्कळदा जाड असतात. आत जागा कमी, त्यामुळे तेवढ्याच दारूनं दाब जास्त. काही अदलाबदली तर जीवघेण्याच. २०११ साली मान्यता मिळालेलं पॉइंट ३०० ब्लॅकआउट हे काडतूस पॉइंट २२३ ची पुंगळी कापून करता येतं. दोन्ही एकाच मॅगझिनमध्ये बसतात. पण पहिल्याची गोळी ७.८ मिलिमीटरची आणि दुसऱ्याच्या नळीला साजेशी गोळी ५.७ ची. चुकून चेंबरमध्ये शिरली आणि बार झाला, तर रायफल फुटते. असे अपघात झालेले आहेत.

पितळाशी आपला एक जुना संबंधही आहे. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश लष्कराची काडतुसं भारतात पावसाळ्यात तबेल्यांजवळ साठवली जात. पुंगळ्यांना आपोआप चिरा पडत. तो ऋतूचा परिणाम समजून या दोषाला ‘सीझन क्रॅकिंग’ असं नाव पडलं. खरं कारण १९२१ मध्ये उलगडलं. घोड्यांच्या मुतातून येणारा अमोनिया आणि पितळात राहिलेला ताण यांचं ते संगनमत होतं. म्हणून पुंगळी साफ करायला अमोनियाचं पाणी वापरत नाहीत.

तीनेक वर्षांपूर्वी माझे शेजारी गेले. त्यांच्या पत्नीनं कॉफीचे चार मोठे डबे आणून माझ्यापुढे ठेवले. त्यांची पॉइंट ३०-०६ रायफल चौदा वर्षांच्या नातवाकडे जायची होती. “त्याच्यासाठी यातली काही भरून देशील का?” त्यांनी विचारलं. डब्यांत तीन जातींच्या शेकडो पुंगळ्या होत्या, मैदानावर वेचलेल्या, कुणाकुणाच्या. चिठ्ठी एकाही डब्यात नव्हती. नाही म्हणणं जड गेलं, पण म्हणालो. त्या काही बोलल्या नाहीत. त्यांना वाटलं असावं, की मी टाळतोय.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या तळघरात गेलो. फडताळाच्या मागच्या बाजूला एक प्लास्टिकचा डबा सापडला. पन्नास पुंगळ्या, बुडावर हिरवी रेघ, आत चिठ्ठी. त्यांच्या अक्षरात रायफलचं नाव आणि खाली तीन उभ्या रेघा. म्हणजे तीनदा भरलेल्या. मी पन्नासही पुंगळ्यांत तार फिरवून पाहिली. कुठंही अडकली नाही. मापं बरोबर होती.

कॉफीच्या डब्यांतला माल मी पक्कडीनं चेपून भंगारवाल्याला दिला. ती पन्नास मात्र भरून मुलाच्या हाती दिली. पुढच्या शरद ऋतूत तो रिकाम्या पुंगळ्या घेऊन आला. मोजल्या, पन्नास भरल्या. मग मी चिठ्ठी आणि पेन त्याच्यापुढे सरकवलं, आणि चौथी रेघ त्याला ओढायला सांगितली.