हातची वस्तू आणि रास्त दाम: दिवाळीच्या भेटीभोवतीचे गैरसमज

फेअर ट्रेड किंवा रास्त व्यापार म्हणजे वस्तू करणाऱ्याची मजुरी, त्याला मिळणारी आगाऊ रक्कम आणि पुढच्या कामाची शाश्वती या गोष्टी आधी ठरवून केलेली खरेदी-विक्री. दिवाळी जवळ आली की भेट देण्यासाठी पणत्या, आकाशकंदील, पैठण्या, कोल्हापुरी चपला, वारली चित्रे यांना मागणी येते, आणि 'हँडमेड', 'जीआय' (भौगोलिक मानांकन), 'इको-फ्रेंडली', 'फेअर ट्रेड' हे शब्द एकाच चिठ्ठीवर दाटीवाटीने बसलेले दिसतात. चारही शब्दांचे काम वेगळे. पहिला वस्तू कशी झाली ते सांगतो, दुसरा कोणत्या मुलखात झाली ते, तिसरा ती कशापासून झाली ते. करणाऱ्याच्या हातावर किती पैसे पडले आणि केव्हा पडले, हे फक्त चौथा सांगू पाहतो.

'फेअर ट्रेड म्हणजे कॉफीच्या पाकिटावरचे चिन्ह'

कॉफी बरीच उशिरा आली. सुरुवात हस्तकलेपासून झाली. 1946 मध्ये एड्ना रूथ बायलर ही मेनोनाइट पंथाची अमेरिकी बाई प्वेर्तो रिकोला गेली. तिथल्या बायकांचे भरतकाम तिने आपल्या गावाकडे आणले आणि मोटारीत घालून ओळखीपाळखीच्या घरोघरी विकले. पुढे त्यातून 'टेन थाउजंड व्हिलेजेस' ही संस्था उभी राहिली. कॉफीचे पहिले प्रमाणचिन्ह नेदरलँड्समध्ये 1988 साली निघाले. त्याचे नाव 'मॅक्स हॅवेलार', आणि ते जाव्हातल्या कॉफी उत्पादकांच्या पिळवणुकीवरच्या 1860 च्या एका डच कादंबरीवरून घेतलेले.

आज पाकिटांवर दिसणारे 'फेअरट्रेड' चिन्ह प्रामुख्याने शेतमालासाठी आहे: कॉफी, चहा, कोको, केळी, कापूस. अशा मालाला किमान भाव ठरवता येतो, कारण एक किलो कॉफी दुसऱ्या किलोसारखीच असते. दोन पैठण्यांचे तसे नसते. म्हणून हस्तकलेत बहुधा वस्तू तपासली जात नाही, ती करवून घेणारी संस्था तपासली जाते. 1989 मध्ये स्थापन झालेली वर्ल्ड फेअर ट्रेड ऑर्गनायझेशन हे काम दहा तत्त्वांच्या आधारे करते. बालमजुरी नको, स्त्री-पुरुषांना सारखी मजुरी, व्यवहार उघड, अशी ती तत्त्वे. भारतात फेअर ट्रेड फोरम इंडिया ही जाळेसंस्था 2000 पासून आहे. मुंबईत अंधेरीला 1984 मध्ये सुरू झालेली क्रिएटिव्ह हँडिक्राफ्ट्स ही संस्था याच पद्धतीची; वस्तीतल्या बायकांच्या शिवणकामावर ती उभी राहिली. सारांश, कापडी पिशवीवर किंवा लाकडी खेळण्यावर कॉफीवरचे चिन्ह नसले म्हणून तो व्यवहार खोटा ठरत नाही. उलट, 'फेअर ट्रेड' हे दोन शब्द नुसते छापायला कोणाची परवानगी लागत नाही. विक्रेता कोणत्या संघटनेचा सदस्य आहे, हे विचारावे लागते.

'हा दानधर्मच आहे'

या समजाला थोडा आधार आहे, कारण सुरुवातीची विक्री चर्चच्या वर्तुळात आणि मदतीच्या भावनेनेच होत असे. पण दयेपोटी घेतलेली वस्तू माळ्यावर जाते आणि पुढच्या वर्षी तिची मागणी येत नाही. फेअर ट्रेडमध्ये माल उसवलेला निघाला तर परत येतो, उशीर झाला तर बोलणी खावी लागतात. दानात या दोन्ही गोष्टी नसतात.

'हाताने केलेले म्हणजे यंत्राचा स्पर्शही नाही'

युनेस्को आणि इंटरनॅशनल ट्रेड सेंटर यांच्या 1997 च्या मनिला परिसंवादातली व्याख्या आजही वापरली जाते. तिच्यानुसार हत्यारे, इतकेच काय यंत्रेही चालतात. तयार वस्तूत हाताच्या कामाचा वाटा सर्वांत मोठा असला म्हणजे झाले. शिलाईयंत्रावर शिवलेली गोधडी हातची असू शकते. वारलीच्या छापाचा कॉफी-मग मात्र हातचा नव्हे.

वारलीबद्दल आणखी एक गोष्ट. भेटवस्तूंच्या दुकानात ती 'आदिवासी पुरुषांची प्राचीन सजावट' म्हणून विकली जाते. मुळात लग्नाच्या वेळी गेरूने सारवलेल्या कुडाच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहायचा मान सवाष्णींचा. त्या चौकाच्या मधोमध पालघट देवी असते, आणि लग्न लावणारी बाई, म्हणजे धवलेरी, गाणी म्हणत असते. कागदावरची वारली 1970 च्या दशकातली. डहाणू भागातले जिव्या सोमा म्हशे (पद्मश्री, 2011) हे तिचे पहिले मोठे नाव. 2014 मध्ये वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळाले, तरी दुकानातला बराचसा 'वारली' माल स्क्रीन-प्रिंटचाच असतो.

'सिल्क मार्क आहे म्हणजे हातमागाची पैठणी'

दिवाळीच्या खरेदीत सर्वांत महागात पडणारा गैरसमज हाच. सिल्क मार्क (2004) धागा शुद्ध रेशमाचा असल्याचे सांगतो, इतकेच. यंत्रमागाच्या साडीलाही तो लागू शकतो. हातमागाची खूण वेगळी, हँडलूम मार्क, आणि ती 2006 ची. भौगोलिक मानांकन (पैठणीला 2010 मध्ये मिळाले) साडी कोणत्या भागातली आणि कोणत्या पद्धतीची हे सांगते. विणकराला काय मिळाले हे तिन्हींपैकी एकही सांगत नाही.

साडी उलटी करून पाहिली की बरेच काही कळते. पारंपरिक पैठणीच्या पदरात प्रत्येक रंगाची तिल्ली (धाग्याची छोटी कांडी) वेगळी असते. मोराच्या गळ्याचा निळा संपला की तो धागा तिथूनच मागे फिरतो, शेजारच्या रंगाला अडकतो, आणि पुढे त्या दुसऱ्या रंगाची तिल्ली चालते. म्हणून सुलट आणि उलट बाजू सारख्या दिसतात. यंत्रावरच्या नकलेत धागे मागच्या बाजूने लोंबत जातात किंवा कापलेले असतात. मात्र हा निकष एका बाजूनेच पक्का आहे. येवल्यात हातमागावरच ब्रोकेड पद्धतीच्या पैठण्याही विणल्या जातात, आणि त्यांच्या मागे धागे दिसतात. तेव्हा मागची बाजू स्वच्छ असेल तर काम तिल्लीचे. धागे दिसले तर मात्र लगेच 'मशीनची' म्हणू नये.

दुसरी कसोटी हिशेबाची. समजा, साध्या काठापदराच्या साडीला वीस दिवस लागले आणि रोजची मजुरी 500 रुपये धरली, तर मजुरीच 10,000 रुपये होते. रेशीम, जर आणि दुकानदाराचा नफा त्यानंतर. 'खरी हातमागाची' म्हणून कोणी ती 3,000 रुपयांना देत असेल, तर रेशीम फुकट मिळाले असे धरूनही रोजचे 150 रुपये पडतात. म्हणजे एक तर ती हातमागाची नाही, किंवा विणणाऱ्याच्या पोटावर पाय देऊन आलेली आहे. चौथ्या अखिल भारतीय हातमाग गणनेत (2019-20) 31 लाखांवर विणकर कुटुंबे नोंदली गेली. त्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश कुटुंबांचे उत्पन्न महिना 5,000 रुपयांच्या आत होते. शिवाय एका मागामागे एकच माणूस नसतो. कांड्या भरणारी, ताणा जोडणारी, जर गुंडाळणारी माणसे घरातलीच, बहुतेक वेळा बायका, आणि मजुरी मात्र साडीच्या नगावर एकच.

'जीआय मिळाले म्हणजे कारागिराचे भले झाले'

कोल्हापुरी चपलेचे उदाहरण यासाठी पुरेसे आहे. 2019 मध्ये तिला मानांकन मिळाले, तेही महाराष्ट्राला एकट्याला नव्हे. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर अशा आठ जिल्ह्यांना मिळून ते दिले आहे. नोंदणी दोन राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांच्या नावावर आहे. जून 2025 मध्ये मिलानच्या एका फॅशन शोत प्राडाच्या मॉडेलांच्या पायांत तशाच चपला दिसल्या आणि इथे गदारोळ उठला. कंपनीने त्यांना 'कोल्हापुरी' म्हटले नव्हते, नुसते चामड्याचे सँडल म्हटले होते. प्रेरणा भारतीय चपलेची असल्याचे नंतर मान्य केले. मानांकन मुख्यतः नावाचे रक्षण करते. नाव न घेता केलेल्या नकलेपुढे ते लंगडे पडते. मुंबई उच्च न्यायालयात गेलेली जनहित याचिकाही जुलै 2025 मध्ये फेटाळली गेली, कारण याचिकाकर्ते नोंदणीधारक नव्हते.

चपलेची मजुरी मानांकनाने ठरत नाही. ती चामड्याच्या भावावर आणि कमावणीच्या वेळेवर ठरते. बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात कातडे कमवायला आठवडे जातात. क्रोमच्या रसायनात ते फार लवकर होते. वेणी, कान, अंगठा, पट्टे हाताने बसवलेली चप्पल क्रोमच्या चामड्याचीही असू शकते, आणि मग ती हातची असूनही 'पर्यावरणपूरक' राहत नाही. महाराष्ट्रात 2015 पासून बैलांच्या कत्तलीवरही बंदी आल्यावर कच्च्या मालाची ओढ वाढली. हा बोजा सणाच्या सवलतीत विकलेल्या जोडामागेही असतोच, फक्त तो दिसत नाही.

'दलाल काढला की सगळे पैसे कारागिराला'

मधला माणूस नुसता खाणारा असता तर तो कधीच गेला असता. येवल्याचे रेशीम बंगळुरूकडून येते, जर सुरतेहून. ते उधारीवर आणून देणे, विकली न गेलेली साडी आपल्या अंगावर घेणे, घरात आजारपण आले की उचल देणे, हे व्यापारीच करतो. दुखणे त्या उचलीतच आहे: बाकी फिटेपर्यंत विणकर दुसऱ्याचे काम घेऊ शकत नाही आणि मजुरीवर बोलू शकत नाही. म्हणून वर्ल्ड फेअर ट्रेड ऑर्गनायझेशनच्या नियमांतली एक ओळ हस्तकलेत सर्वांत मोलाची आहे. कारागिराने मागितले तर मागणीच्या किमान 50 टक्के रक्कम बिनव्याजी आगाऊ द्यायची. रास्त भावाची चर्चा सगळीकडे होते, या ओळीची क्वचितच. मधला माणूस नुसता हटवून ती जागा भरत नाही. आगाऊ रक्कम दुसऱ्या कोणीतरी द्यावी लागते.

'दिवाळीत घेतले की दिवाळीत पोचते'

सणाच्या आठवड्यात दिलेले पैसे दुकानदाराकडे जातात. करणाऱ्याची कमाई तोवर होऊन गेलेली असते, किंवा बुडालेली असते. पणती पावसाळ्यात वाळत नाही आणि भट्टीही नीट लागत नाही. म्हणून धारावीच्या कुंभारवाड्यासारख्या ठिकाणी बराच माल आधीच करून ठेवावा लागतो. माती, जळण आणि मजुरी यांत घातलेले पैसे थेट आश्विनात सुटतात. आकाशकंदिलाच्या कामट्या आणि कागद यांचेही तसेच.

परदेशातल्या नाताळासाठी जाणाऱ्या मालाचे वेळापत्रक याहून लांब आहे. फ्रँकफर्टच्या फेब्रुवारीतल्या व्यापारी जत्रेत नमुने दिसतात, उन्हाळ्यापर्यंत मागण्या पक्क्या होतात, काम भर पावसात चालते आणि पेट्या ऑगस्ट-सप्टेंबरात जहाजावर चढतात. कार्यालयांसाठी घाऊक दिवाळी भेटी घेणारे बहुतेकदा नवरात्रात चौकशी करतात आणि दोन आठवड्यांत दोनशे नग मागतात. एवढ्या मुदतीत हातचे काम होत नाही. मग एक तर छापील माल पुढे येतो, किंवा घरातली मुले रात्री कामाला बसतात. हीच मागणी ज्येष्ठात, निम्मी रक्कम आधी देऊन गेली, तर तेच दोनशे नग त्याच भावात होतात आणि पावसाळ्यासाठी सावकाराकडे जावे लागत नाही.