वरून हिरवं बोंड, आत अळी!
मायबहिणींच्या एका तपासणीविषयी

एरंडोल : कपाशीचं बोंड वरून हिरवंगार दिसतं, पण फोडून पाहिलं की आत गुलाबी अळी सापडते. म्हणून शेतकरी शेतात फेरी मारून बोंडं तपासतो. घरातल्या बाईमाणसाच्या बाबतीत ही दक्षता का नाही?

गर्भाशयाच्या तोंडाचा कर्करोग असाच आतल्या आत वाढतो. एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे तो होतो. हा विषाणू शरीरसंबंधातून पसरतो आणि इतका सर्रास आढळतो, की त्यात कुणाच्या चारित्र्याचा प्रश्नच येत नाही. बहुतेकींच्या शरीरातून तो आपोआप निघून जातो. काहींच्या मात्र राहतो, आणि कर्करोग व्हायला बहुधा दहा-पंधरा वर्षे किंवा त्याहून अधिक काळ लागतो. तेवढा अवधी आपल्या हातात असतो.

"माले काही व्हयेल नही," असं म्हणून बाई वेचणीला निघून जाते. खरंच, सुरुवातीला काहीच दुखत नाही. पाळी गेल्यावर किंवा संबंधानंतर रक्त जाणं, अंगावरून घाण वासाचं पाणी जाणं, हे दिसू लागलं तर मात्र एक दिवसही थांबू नये.

तपासणीने जीव वाचतो, हे आपल्याच महाराष्ट्रातल्या खेड्यांनी दाखवून दिलं. तेव्हाच्या उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यात १९९९ पासून ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांवर मोठा अभ्यास झाला. बार्शीचं नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालय आणि मुंबईचं टाटा रुग्णालय त्यात होतं. आठ वर्षांत तपासणी न झालेल्या गटात या रोगाने ६४ जणी दगावल्या. एकदाच एचपीव्ही चाचणी झालेल्या गटात ३४. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत दहावी शिकलेल्या प्रशिक्षित सेविकांनी साधी तपासणी केली, तिथे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले.

ही साधी तपासणी म्हणजे काय? गर्भाशयाच्या तोंडाला व्हिनेगरसारखं सौम्य द्रावण लावून मिनिटभराने पाहतात. डाग पांढरा पडला तर पुढची तपासणी. पांढरा डाग म्हणजे कर्करोगच, असं नव्हे. चिरफाड नाही, भूल नाही. शासनाच्या कार्यक्रमानुसार ३० ते ६५ वयाच्या स्त्रियांनी ती दर पाच वर्षांनी करायची आहे. मुलींसाठी लसही आहे. ९ ते १४ वयात ती सर्वांत उपयोगी. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची देशी लस २०२३ पासून उपलब्ध आहे. लस घेतली तरी पुढे तपासणी सोडू नये.

सरपंच, ग्रामसेवक आणि आशाताईंनी मनावर घेतलं तर काम सोपं आहे. महिला ग्रामसभेत विषय मांडा, ३० वर्षांवरील स्त्रियांची यादी करा आणि वेचणीचा हंगाम टाळून तपासणीचा दिवस ठरवा. जिच्यात दोष निघेल तिला जळगावला नेण्याची सोयही आधीच करून ठेवा. नुसती तपासणी करून उपचार राहिला, तर सगळी मेहनत वाया.

आणि घरधन्यांनो, त्या दिवसाची मजुरी बुडेल म्हणून बाईला अडवू नका. तुम्ही स्वतः सोबत जा.