पणजोबा एका दाखल्यात सापडत नाहीत

पूर्वजांची माहिती काढायची म्हटलं की घरातलं कोणीतरी हमखास सांगतं, ‘वॉर्ड ऑफिसात जा, सगळं मिळेल.’ तसं मिळत नाही. पणजोबांची आठवण राहावी म्हणून कोणी कागद लिहिला नव्हता. सारा वसूल व्हावा, पोर शाळेत बसावं, बाप्तिस्मा नोंदला जावा म्हणून लिहिला. तेव्हा पणजोबांशी कोणाचं काय काम पडलं होतं, हे आधी शोधावं. मुंबईच्या उपनगरांतले काही रूढ समज त्या अंगाने तपासून पाहू.

गैरसमज : घर अंधेरीचं, म्हणजे नोंदी मुंबईतच.

वस्तुस्थिती : उपनगर जिल्हा 1920 मध्ये झाला. त्याआधी साष्टी बेटावरची ही गावं ठाणे जिल्ह्यात होती; बोरिवलीकडची कित्येक तर नंतरही. महापालिकेच्या हद्दीत अंधेरी-घाटकोपर 1950 मध्ये आलं, बोरिवली-मुलुंड 1957 मध्ये. म्हणून आधी साल ठरवा, मग कचेरी. आणि कुटुंब गिरणीच्या नोकरीसाठी कोकणातून आलं असेल, तर पहिला कागद बहुधा गावच्या तालुक्यालाच मिळेल.

गैरसमज : सातबारा काढला की सगळ्या पिढ्या दिसतात.

वस्तुस्थिती : चालू सातबाऱ्यावर आजचे खातेदार असतात. मागे जायचं तर त्यावरचा फेरफार क्रमांक धरायचा आणि गाव नमुना 6 मधली ती नोंद काढायची. ‘खातेदार मयत, वारस अमुक’ अशा चार ओळींत विधवा, मुलं, कधी मृत्यूची तारीखही सापडते. नावाशी ‘अ.पा.क.’ दिसलं तर थांबा. ते ‘अज्ञान पालनकर्ता’. म्हणजे नाव लागलं तेव्हा वारस अजून पोर होता आणि त्याच्या वतीने दुसरं कोणी पाहत होतं. गावठाणातल्या घराला मात्र सातबारा नसतो. नगर भूमापन झालं असेल तर तिथे मालमत्ता पत्रक पाहावं लागतं.

गैरसमज : जन्माची नोंद नावावरून शोधायची.

वस्तुस्थिती : जन्म-मृत्यूची नोंदणी देशभर सक्तीची झाली ती 1969 च्या कायद्याने. पण त्याआधीही गावात गाव नमुना 14, म्हणजे कोतवाल बुक, असायचं. नोंद बारशाआधीच व्हायची, त्यामुळे बाळाचं नाव बहुधा नसतंच. तारीख, बापाचं नाव, जात, आणि ‘मुलगा’ की ‘मुलगी’, एवढंच. शोध बापाच्या नावाने घ्या. जुन्या कागदांत आडनावही नसू शकतं : ‘रामा बिन गोविंदा’ म्हणजे गोविंदाचा मुलगा रामा, बाईच्या नावापुढे ‘कोम’ आणि मग नवऱ्याचं नाव.

गैरसमज : शाळेच्या दाखल्यावरची जन्मतारीख पक्की.

वस्तुस्थिती : तारीख 1 जून असेल तर शंका घ्या. पोराचं वय शाळेत बसवण्याजोगं दिसलं की गुरुजी ही तारीख लावून टाकत. दाखल्यापेक्षा शाळेचं जनरल रजिस्टर पाहा. आधीची शाळा, जन्मगाव असे धागे तिथे मिळतात.

गैरसमज : चर्च जवळ आहे, म्हणजे नोंदही तिथलीच.

वस्तुस्थिती : ईस्ट इंडियन, म्हणजे इथल्या मूळच्या ख्रिस्ती, घराण्यांसाठी बाप्तिस्मा, लग्न आणि दफनाची रजिस्टरं मोलाची असतात, पण चर्चही जागा बदलतात. मरोळचं जुनं चर्च 1579 चं. 1840 च्या सुमारास साथीमुळे ते सोडावं लागलं आणि त्याचे अवशेष आज सीप्झ या औद्योगिक वसाहतीच्या आवारात आहेत. आधी धर्मग्रामाचा इतिहास विचारा, मग रजिस्टर मागा.

गैरसमज : मोडी म्हणजे वेगळी भाषा, ती आपल्या आवाक्याबाहेरची.

वस्तुस्थिती : भाषा मराठीच, लिपी तेवढी निराळी. शब्द सलग, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, म्हणून आधी डोळे चक्रावतात. पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्ग घेतं, शिवाय शुल्क घेऊन लिप्यंतर करून देणारे जाणकारही आहेत.

दोन कागदांत वय जुळलं नाही, तर एक खोडू नका. दोन्ही लिहून ठेवा आणि शेजारी कागदाचं साल व कारण नोंदवा. घटनेच्या जवळचा, आणि खोटं सांगून कोणाचा फायदा नव्हता असा कागद जास्त भरवशाचा.